जॅझच्या तालवाद्यवृंदांच्या तबकड्या दुर्मीळ का असतात?

१३ सप्टेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जीन क्रुपा आणि बडी रिच या दोन ड्रमवादकांची जुगलबंदी झाली. मैफलीचे ध्वनिमुद्रण झाले होते, आयोजक नॉर्मन ग्रँझ हे स्वतः रेकॉर्ड काढणाऱ्यांपैकी होते, दोन्ही वादक त्या काळी नामांकित होते, आणि तरीही ही जुगलबंदी ग्रँझ यांच्याच 'व्हर्व्ह' या रेकॉर्ड कंपनीच्या तबकडीवर यायला १९६० साल उजाडले. त्याआधी क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांची १६ जानेवारी १९३८ ची मैफल याच सभागृहात झाली होती आणि तीत क्रुपा यांनी वाजवलेले ड्रम आजही वाखाणले जातात. ती मैफल रेकॉर्डवर विकत मिळू लागली १९५० मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी, लाँग प्लेइंग तबकडी बाजारात रुळल्यानंतर. या उशिरामागची सगळी कारणे तांत्रिक नव्हती, पण तंत्राचा त्यात मोठा वाटा होता.

प्रेक्षकांसमोर झालेल्या, तालवाद्ये केंद्रस्थानी असलेल्या जॅझ मैफलींच्या व्हायनल तबकड्या जगभर कमी आहेत, आणि संग्राहक त्यांच्यासाठी बरेच पैसे मोजायला तयार असतात. दुर्मीळ म्हणजे उत्तम, असा समज त्यातून सहज तयार होतो. प्रत्यक्षात या कमतरतेची कारणे तीन ठिकाणी सापडतात: मैफलीतल्या मायक्रोफोनपाशी, तबकडी कोरणाऱ्या यंत्रापाशी आणि ती किती प्रती छापायची हे ठरवणाऱ्या माणसाच्या खिशापाशी. ही कारणे कळली की कोणत्या तबकडीसाठी जिवाचा आटापिटा करायचा आणि कोणती साध्या पुनर्मुद्रणात ऐकून समाधान मानायचे, हे ज्याचे त्याला ठरवता येते.

आधी तालवाद्यवृंद म्हणजे काय ते पाहू. नेहमीच्या जॅझ चमूत ड्रमसेट वाजवणारा एकच असतो आणि त्याचे मुख्य काम इतरांना लय पुरवण्याचे असते. तालवाद्यवृंदात ही मांडणी उलटते. दोन, चार, कधी आठ-दहा तालवादक समोर येतात, आणि सूर धरणारी वाद्ये असलीच तर मागे जातात. पाश्चात्त्य अभिजात संगीतात एडगर वारेझ यांनी तेरा तालवादकांसाठी लिहिलेली 'आयोनायझेशन' ही रचना १९३३ मध्ये प्रथम सादर झाली. जॅझमध्ये ही कल्पना पन्नाशीच्या दशकात मूळ धरू लागली. १९५७ मध्ये ड्रमवादक आर्ट ब्लेकी यांनी 'ब्लू नोट' या रेकॉर्ड कंपनीसाठी अनेक ड्रमवादक आणि कोंगा, बोंगो, टिंबाली वाजवणारे लॅटिन वादक एकत्र बसवून 'ऑर्जी इन रिदम'चे दोन खंड मुद्रित केले. पुढे १९७० मध्ये ड्रमवादक मॅक्स रोच यांनी 'एम्बूम' हा वृंद उभा केला. त्यातला प्रत्येक जण तालवादक होता आणि प्रत्येकाला व्हायब्रोफोन, मरिम्बा, झायलोफोन, टिंपनी, घंटा, गाँग असे बरेच काही वाजवता यावे लागे.

एवढी वाद्ये कशासाठी, असा प्रश्न तबल्याची सवय असलेल्या कानाला पडतो. त्याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. साधे कातडे ताणून बसवलेल्या ड्रमवर आघात केला की निघणारे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा सरळ पटींत नसतात, म्हणून कानाला नेमका सूर सापडत नाही. तबला आणि मृदंग यांच्या पुडीवरची शाई हेच गणित बदलते आणि उपस्वर पटींच्या जवळ आणते. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात यावर टिपण लिहिले होते. पाश्चात्त्य ड्रमला शाई नसते. त्यामुळे फक्त तालवाद्यांतून सुरेल काही उभे करायचे तर व्हायब्रोफोन आणि मरिम्बासारख्या सुरांच्या पट्ट्या बसवलेल्या वाद्यांना बोलवावेच लागते. एम्बूमचे वादन ऐकताना धून आणि ठेका यांतली सीमा पुसट होते, त्याचे कारण हेच आहे.

सोलापुरात आम्ही काही मंडळी एखाद्या रविवारी एकत्र बसून रेकॉर्ड ऐकतो. अशाच एका बैठकीला हलगी वाजवणारा एक तरुण आला होता. चार ड्रमवादकांची एक तबकडी तो बराच वेळ मान खाली घालून ऐकत राहिला आणि मग त्याने विचारले, ''सर, हे चौघंबी वाजवायलेत, मग ठेका धरलाय कोणी?'' जॅझच्या पुष्कळ जाणकारांना हा प्रश्न सुचत नाही, आणि या साऱ्या प्रकाराची किल्ली त्यातच आहे. हलगीच्या ताफ्यात एक जण ठेका सोडत नाही म्हणून दुसऱ्याला उठाव घेता येतो. जॅझमध्ये ही जबाबदारी बहुधा डबल बास हे खर्जातले मोठे तंतुवाद्य वाजवणाऱ्याकडे असते. त्याच्या जोडीला ड्रमवादकाचा डावा पाय हाय-हॅटच्या जोडझांजा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटत राहतो. गाण्याचा सांगाडा ठरलेला असतो, उदाहरणार्थ बारा गटांचा ब्लूज, म्हणजे चार-चार मात्रांचे बारा गट, एकूण अठ्ठेचाळीस मात्रा. धून वाजून झाली की तो सांगाडा वादकांच्या डोक्यात फिरत राहतो, आणि ड्रमवादक सोळा-सोळा मात्रा वाटून घेऊन एकमेकांना उत्तरे देतात. बास थांबला तरी मोजणी थांबत नाही. मोजणी सुटली की सर्वांना एकदम धूनेवर परतता येत नाही, आणि असा घोटाळा श्रोत्यांसमोर झाला तर तो पुसूनही टाकता येत नाही.

त्या बैठकीतली तबकडी होती 'ग्रेच ड्रम नाइट ॲट बर्डलँड'. २५ एप्रिल १९६० रोजी न्यूयॉर्कच्या बर्डलँड या क्लबमध्ये आर्ट ब्लेकी, फिली जो जोन्स, एल्विन जोन्स आणि चार्ली पर्सिप हे चार ड्रमवादक एकाच मंचावर बसले. ग्रेच ही ड्रम बनवणारी कंपनी, आणि तिचे ड्रम वाजवणाऱ्या नामवंतांची ती रात्र होती. साथीला आल्टो सॅक्सोफोनवर सॉनी रेड, ट्रॉम्बोनवर चार्ल्स ग्रीनली, पियानोवर टॉमी फ्लॅनगन आणि बासवर तेव्हा नवखे असलेले रॉन कार्टर होते. 'रूलेट' कंपनीने ही मैफल दोन तबकड्यांवर काढली. रूलेटचे मॉरिस लेव्ही यांचा बर्डलँडमध्येही मालकी हिस्सा होता. म्हणजे जागा आणि रेकॉर्ड कंपनी एकाच माणसाच्या हातात होती आणि निमित्ताला एक वाद्यकंपनी उभी होती. चार नामांकित ड्रमवादकांना एका रात्री एकत्र आणणे आणि क्लबात ध्वनिमुद्रणाचा सरंजाम नेणे हा खर्चाचा मामला असतो, आणि असा योग जुळून आला तरच तो होतो. एरवी कंपन्या चार वादकांना स्टुडिओत बोलावत, किंवा मुळात बोलावतच नसत.

आता मायक्रोफोनकडे वळू. संक्रांतीच्या सुमारास आपल्याकडे सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. तेव्हा मोबाइलवर केलेले चित्रण घरी येऊन ऐकले की हलगीचा आवाज तेवढा फाटून येतो, सनई जवळजवळ ऐकूच येत नाही आणि लोकांचा गलका मात्र सगळीकडे पसरलेला असतो. १९५०-६० च्या दशकांत क्लबात मायक्रोफोन लावणाऱ्या माणसासमोर हीच अडचण होती, फक्त त्याच्याकडे दुसरी संधी नव्हती. ड्रमवरचा काठीचा आघात काही सहस्रांश सेकंदांत शिखराला पोहोचतो आणि लगेच ओसरतो. मुद्रणाची पातळी त्या शिखराला सोसेल इतकी खाली ठेवली, तर ब्रशने घासलेल्या स्नेअर ड्रमची कुजबुज टेपच्या खरखरीत बुडते. पातळी वर ठेवली, तर मोठा आघात टेपला झेपत नाही. चुंबकीय टेप अशा वेळी आघाताचे टोक थोडे बोथट करते. जुन्या टेपच्या आवाजाला लोक जो ऊबदारपणा म्हणतात, त्यातला काही भाग हाच बोथटपणा असतो. तो कानाला गोड लागतो हे खरे, पण बर्डलँडमध्ये त्या रात्री तो आवाज तसाच होता असे मात्र मानता येत नाही.

दुसरी अडचण एका वादकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरण्याची. स्टुडिओत पडदे लावून, अंतर राखून ती कमी करता येते. क्लबच्या लहानशा मंचावर चार ड्रमसेट दाटीवाटीने मांडलेले असताना प्रत्येक मायक्रोफोन चौघांनाही ऐकतो, प्रत्येकाला किंचित वेगळ्या क्षणी ऐकतो, आणि हे सगळे आवाज एकत्र केले की काही कंपने एकमेकांना खोडतात. त्या काळच्या टेपवर दोन किंवा तीनच ट्रॅक असत, त्यामुळे कोणाचा ड्रम पुढे आणि कोणाचा मागे हे बरेचसे जागेवरच ठरून जाई. नंतर सुधारायला वाव फारसा नसे. या तबकड्या ऐकताना कोण केव्हा वाजवतो आहे हे ओळखणे अवघड जाते, आणि त्याचा दोष श्रोत्याच्या कानाला देण्याचे कारण नाही. १९५९ मध्ये बडी रिच आणि मॅक्स रोच यांची 'रिच व्हर्सेस रोच' ही स्टुडिओतली रेकॉर्ड निघाली तेव्हा एक ड्रमवादक डाव्या स्पीकरवर आणि दुसरा उजव्या स्पीकरवर ठेवला होता, म्हणून ती सामना पाहिल्यासारखी ऐकता येते. स्टीरिओ तबकड्या बाजारात रुळू लागल्या त्या १९५८ पासून. १९५२ च्या क्रुपा-रिच जुगलबंदीच्या वेळी ही सोय नव्हती.

खरी मेख मात्र पुढच्या टप्प्यावर, तबकडी कोरताना आहे, आणि त्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

लाँग प्लेइंग तबकडी कोलंबिया कंपनीने जून १९४८ मध्ये आणली. ती मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते. तिच्या प्रत्येक बाजूवर कडेपासून मध्याकडे जाणारी एकच अखंड खाच असते, रुंदीला मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाइतकी. वीस मिनिटांच्या बाजूवरची खाच उलगडली तर ती सव्वाचारशे मीटरच्या आसपास भरते. आवाज म्हणजे या खाचेची नागमोडी. आवाज जितका मोठा आणि जितका खर्जातला, तितकी खाच आडवी जास्त सरकते आणि तितकी शेजारच्या खाचेपासून लांब ठेवावी लागते. खर्जाला जागा फारच लागते, म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि तार भाग वाढवतात, आणि वाजवताना ॲम्प्लिफायर त्याच्या नेमके उलट करून मूळ तोल परत आणतो. १९५४ पासून यासाठी 'आरआयएए' या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेचे प्रमाण अमेरिकेत ठरले, आणि ऐकू येणाऱ्या आवाजाच्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना हा फरक वीस डेसिबलच्या आसपास जातो. एवढे करूनही बेस ड्रम आणि टिंपनी यांचे मोठे आघात जागा खातातच.

याचा हिशेब सरळ आहे. एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटे चांगल्या आवाजात मावतात. वेळ वाढवायचा तर आवाजाची पातळी उतरवावी लागते, आणि पातळी उतरली की तबकडीची स्वतःची खरखर वर येते. गायकाच्या रेकॉर्डवर ही तडजोड खपून जाते. तालवाद्यांच्या मैफलीत अत्यंत हळू आणि अत्यंत मोठा यांतले अंतर हाच आशय असतो, त्यामुळे तिथे ती तडजोड कोणालाच नको असते. परिणामी मैफलीतले लांबलचक वादन कापले जाते, दोन बाजूंत तोडले जाते किंवा दोन वेगळ्या तबकड्यांवर जाते. मैफल मुळात कशी चढत गेली होती, ते अशा तबकडीवरून समजायला मार्ग नसतो.

दुसरी गोष्ट वेगाची. तबकडीच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, आणि शेवटच्या फेऱ्यांत हाच वेग २१ सेंटिमीटरच्या जवळ येतो, कारण फेरे तेवढेच राहतात आणि परीघ मात्र लहान होतो. म्हणजे एका सेकंदाचा आवाज आत जाताना निम्म्याहून कमी लांबीत कोंबला जातो. सिम्बलच्या, म्हणजे ड्रमसेटमधल्या मोठ्या झांजेच्या, झणत्कारात वीस हजार हर्ट्झपर्यंतची बारीक कंपने असतात, ती या आखूड लांबीत इतकी दाट होतात की सुईच्या टोकाला त्यांचे चढउतार नीट धरता येत नाहीत. आता मैफलीचा स्वभाव पाहा. वादन हळू सुरू होते, चढत जाते, आणि सर्वांत मोठा कल्लोळ शेवटी येतो. सर्वांत कठीण आवाज सर्वांत वाईट जागी पडतो. चांगले कोरणारे तंत्रज्ञ म्हणून शेवटची काही जागा कोरी सोडत असत. रेकॉर्डच्या मध्यभागी रुंद कोरा पट्टा दिसला की पुष्कळांना फसवल्यासारखे वाटते. मला मात्र तो पाहून बरे वाटते.

तिसरी गोष्ट स्टीरिओची. स्टीरिओ खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांत तिरक्या असतात, एका भिंतीवर डावा आवाज आणि दुसरीवर उजवा. दोन्हीकडे सारखाच आवाज असेल तर सुई फक्त आडवी हलते. फक्त एकाच बाजूला मोठा खर्ज असेल तर सुई वर-खालीही होते, खाच मध्येच उथळ पडते आणि सुई उडण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून बेस ड्रम आणि बास यांना बहुतेक रेकॉर्डवर मधोमध बसवतात. चार ड्रमवादक मंचावर डावीकडून उजवीकडे मांडलेले असतील, तर त्यांचे बेस ड्रम असे मधोमध ओढताना मंचावरची मूळ मांडणी मोडते. कोरणाऱ्याने काहीही निवडले तरी कशावर तरी पाणी सोडावे लागतेच.

या सगळ्याची यशस्वी उदाहरणेही आहेत. मॅक्स रोच यांनी १७ ऑगस्ट १९५८ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स गावी, म्युझिक बार्न या ठिकाणी, हॅरॉल्ड फार्बरमन यांच्या संचालनाखाली बॉस्टन पर्कशन एन्सेम्बलबरोबर वाजवले, आणि ते प्रत्यक्ष मैफलीतच मुद्रित होऊन 'एमार्सी' या नाममुद्रेवर आले. फार्बरमन बॉस्टन सिंफनीचे तालवादक होते. वृंदात एव्हरेट फर्थ होते, तेच पुढे विक फर्थ या नावाने ड्रमच्या काठ्या बनवणारे म्हणून जगभर परिचित झाले. लिहिलेले संगीत वाजवणारे सिंफनीतले वादक आणि जागच्या जागी रचणारा जॅझवादक अशी ही गाठ होती. 'तालवाद्यवृंद', 'प्रत्यक्ष मैफल' आणि 'जॅझ' या तिन्ही अटी एकत्र पुऱ्या करणारी एवढी जुनी तबकडी सापडणे कठीण, आणि माझ्या मते ती आजही ग्रेच नाइटइतकी ऐकली जात नाही हा तिच्यावरचा अन्याय आहे.

प्रतींच्या संख्येविषयी थोडक्यात सांगता येते. यंत्राने कोरलेल्या मूळ चकतीवर (तिला लॅकर म्हणतात) चांदीचा पातळ थर देऊन निकेलचा साचा काढतात, त्यावरून दुसरा आणि त्यावरून छापणारा तिसरा साचा बनतो. छापणारा साचा साधारण हजाराच्या आसपास प्रती काढल्यावर झिजू लागतो. मोठ्या कंपनीला खप नसलेली तबकडी यादीतून काढायला वेळ लागत नाही. वादकांनी स्वतः काढलेल्या तबकड्यांचे प्रकरण वेगळे आहे. ड्रमवादक मिलफर्ड ग्रेव्ह्ज आणि पियानोवादक डॉन पुलन यांनी १९६६ च्या येल विद्यापीठातल्या मैफलीची तबकडी आपल्याच एसआरपी या नाममुद्रेवर काढली, आणि सुरुवातीच्या प्रतींची कव्हरे हाताने रंगवली. १९७४ च्या जानेवारीत ग्रेव्ह्ज आणि अँड्र्यू सिरिल या दोघा ड्रमवादकांनीच, दुसरे कोणतेही वाद्य न घेता, कोलंबिया विद्यापीठात वाजवले आणि 'डायलॉग ऑफ द ड्रम्स' ही तबकडी आयपीएस या स्वतःच्या नाममुद्रेवर आणली. ग्रेव्ह्ज यांनी साठच्या दशकात तबल्याची तालीम घेतली होती. त्यांच्या हातात ठेका मोजून बांधलेला नसतो, तो श्वासासारखा लांबतो-आखडतो, आणि तालाचा हिशेब शोधणाऱ्या आपल्या कानाला आधी ते अस्वस्थ करते. अशा तबकड्या थोड्या छापल्या गेल्या, थोड्याच लोकांनी घेतल्या आणि ज्यांनी घेतल्या त्यांनी त्या झिजेपर्यंत वाजवल्या.

एम्बूमची गोष्ट उलटी आहे. त्यांची पहिली तबकडी १९७३ मध्ये स्ट्राटा-ईस्ट या वादकांनीच चालवलेल्या कंपनीकडून आली, दुसरी १९७९ मध्ये कोलंबियाकडून, तिसरी १९८४ मध्ये इटलीच्या सोल नोटकडून. न्यूयॉर्कच्या एस.ओ.बी.ज क्लबातली त्यांची मैफल मुद्रित झाली १९९२ मध्ये, सीडीच्या काळात. या क्षेत्रातल्या सर्वांत महत्त्वाच्या वृंदाची प्रत्यक्ष मैफल अशी व्हायनलचा बाजार ओसरल्यावर आली, आणि ती सीडीवर ऐकण्यात कमीपणा काहीच नाही. तालवाद्यांच्या बाबतीत सीडीला ना वीस मिनिटांची अट, ना शेवटच्या फेऱ्यांची अडचण.

भारतीय धागा शोधायचा तर तोही आहे. मुंबईत जन्मलेले तबलावादक केशव साठे साठच्या दशकात लंडनमध्ये सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि संगीतकार जॉन मेयर यांच्या इंडो-जॅझ प्रयोगांत वाजवत होते. १९६८ मध्ये बडी रिच आणि उस्ताद अल्ला रखा यांची 'रिच आ ला रखा' ही स्टुडिओतली तबकडी आली. प्रत्यक्ष मैफलीची तबकडी हवी असेल तर 'शक्ती' या वृंदाची पहिली घ्यावी. ५ जुलै १९७५ रोजी साउथ हॅम्प्टन कॉलेजमध्ये झालेल्या या मैफलीत झाकीर हुसेन यांचा तबला, विक्कू विनायकराम यांचा घटम आणि आर. राघवन यांचे मृदंगम आहे. जॅझच्या बाजूने जॉन मॅक्लॉफ्लिन यांची गिटार आहे. ही मोठ्या कंपनीने काढलेली तबकडी असल्यामुळे दुर्मीळ नाही, आणि नव्याने ऐकू लागलेल्या माणसाला मी तीच आधी ऐकवतो.

आता हातात आलेली प्रत कोणती हे ओळखण्याविषयी. कव्हर आणि मधला कागदी शिक्का यांवर विसंबू नये, कारण पुनर्मुद्रणात दोन्ही जसेच्या तसे छापता येतात. तबकडी कडा आणि मध्यभाग धरून उचलावी, टॉर्च तिरकी धरावी आणि खाच संपल्यानंतरच्या कोऱ्या चकचकीत पट्ट्यावर प्रकाश पाडावा. तिथे हाताने कोरलेले किंवा ठोकलेले आकडे आणि अक्षरे दिसतात. ती साच्याची ओळख असते. ब्लू नोटच्या जुन्या तबकड्यांवर इथे 'आरव्हीजी' ही अक्षरे सापडतात, म्हणजे ती ध्वनिमुद्रण तंत्रज्ञ रूडी व्हॅन गेल्डर यांनी कोरली आहे. जवळच इंग्रजी 'पी' अक्षराचे वळणदार चिन्ह असेल तर ती प्लास्टिलाइट कारखान्यात छापलेली असते. संग्राहक त्या चिन्हाला 'कान' म्हणतात. १९६६ मध्ये ब्लू नोट विकली गेली आणि त्यानंतरच्या छपाईत हा कान दिसत नाही. तसे पाहता ही अक्षरे तबकडी केव्हा आणि कोणाच्या हातून तयार झाली एवढेच सांगतात. तिची आजची तब्येत कशी आहे, ते ऐकूनच ठरवावे लागते.

तब्येत पाहताना तालवाद्यांच्या तबकडीची एक विशेष खोड लक्षात ठेवावी. पूर्वीच्या जड सुया तीन-चार ग्रॅमहून अधिक भार टाकत. अशा सुईने वर्षानुवर्षे वाजलेली तबकडी वरून चकाकत राहते, चरा एकही दिसत नाही, विक्रेता तिला 'व्हीजी प्लस' (खूप चांगलीहून थोडी वरची) म्हणतो, आणि मोठा सिम्बल आला की आवाज फाटतो. खाचेच्या भिंती आघातांच्या जागीच झिजलेल्या असतात. शक्य असेल तर बाजूच्या शेवटच्या दोन मिनिटांतला जोरकस भाग वाजवून पाहावा, आणि गाँगचा नाद विरतो ती जागा ऐकावी. फटफट आणि खरखर मोठ्या वादनात लपते, नाद विरताना लपत नाही. मूळ छपाईचीच प्रत हवी हा हट्ट मला अशा वेळी अनाठायी वाटतो. मूळ टेपवरून काळजीपूर्वक नव्याने कोरलेले पुनर्मुद्रण, शक्य तर मिनिटाला ४५ फेऱ्यांचे, झिजलेल्या मूळ प्रतीपेक्षा ऐकायला केव्हाही सरस. न वाजवता प्लास्टिकात सीलबंद ठेवणाऱ्यांना हा मुद्दा लागू नाही, त्यांचा छंदच निराळा आहे.

सोलापुरात तबकडी सांभाळायची तर शत्रू उन्हाळा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या खोलीत तापमान त्याहून बरेच वर जाते. तबकडीचे पीव्हीसी साठ अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. आडवी रचलेली आणि वजनाखाली दबलेली तबकडी वाकते, आणि ती पुन्हा सरळ करण्याचे घरगुती उपाय बहुधा खाच बिघडवतात. म्हणून तबकड्या उभ्या ठेवाव्यात, उत्तर किंवा पूर्वेच्या भिंतीला, माळ्यावर कधीच नाही. दुसरा शत्रू धूळ, आणि तिसरा आपले पाणी. बोअरच्या जड पाण्याने धुतलेल्या तबकडीवर ते वाळताना क्षार खाचेत बसतात आणि कायमची खरखर देतात. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानातही मिळते. त्यात भांड्याच्या साबणाचा थेंबभर अंश टाकून मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसावे, आणि नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा हात फिरवावा. आजोबांच्या कपाटातल्या नाट्यसंगीताच्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या मात्र लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल लागले की त्या विरघळतात, तेव्हा व्हायनलसाठी आणलेले बाजारातले द्रावण त्यांच्यावर वापरू नये. सुईचा भार काडतुसाच्या, म्हणजे सुई बसवलेल्या कार्ट्रिजच्या, कंपनीने सांगितला असेल तेवढाच ठेवावा, आजच्या बहुतेक काडतुसांना तो दीड-दोन ग्रॅमच्या घरात असतो. सुई उडेल या भीतीने भार कमी करणारे पुष्कळ असतात. मोठ्या आघातावर हलकी सुई खाच सोडून भिंतीवर आपटते आणि योग्य भाराच्या सुईपेक्षा जास्त नुकसान करते, तेव्हा सांगितलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला राहणे ड्रमच्या तबकड्यांसाठी अधिक सुरक्षित.